शेवाळाची जागा

मी चाळीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवली. नोव्हेंबर ते मार्च, आमच्या दरीतले सत्तावीस किलोमीटर, रोज वर आणि खाली. बर्फ ही बाजूला ढकलायची गोष्ट आहे, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं. यंदा माझ्या नातीच्या, नेझाच्या शाळेने घरी एक वही पाठवली. वहीवर छापलं होतं, 'माझा हिवाळा, माझा निसर्ग'. डिसेंबरभर रोज वीस मिनिटं बाहेर जायचं, बर्फाचा आनंद घ्यायचा, कुठे गेलो, कोण बरोबर होतं, काय वाटलं ते लिहायचं आणि खाली घरातल्या मोठ्या माणसाची सही घ्यायची.

"शनिवार-रविवारचं मोठं माणूस तू," माझी मुलगी दार्या म्हणाली.

"मी बर्फाचा आनंद घ्यायचा?"

"मुलं घेतील. तू सही कर."

दार्या ल्युब्लियानाला राहते. झाल्का, माझी बायको, एप्रिलमध्ये गेली. कांद्याच्या वाफ्यात गुडघे टेकून बसली होती, तशीच आडवी झाली. तेव्हापासून दार्या दर शनिवारी मुलांना घेऊन येते. मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून, असं ती म्हणते. आली की आधी फ्रिज उघडून बघते आणि मग माझ्याकडे बघते. दोन्हीकडे काय दिसतं ते बोलत नाही.

पहिल्या शनिवारी नेझा, तिचा सहा वर्षांचा भाऊ तिलेन आणि मी बागेमागच्या कुरणात गेलो. तिथे सशाच्या पावलांच्या खुणा होत्या. नेझा दहा वर्षांची आहे आणि तिला सगळं माहीत असतं. मोठे दोन ठसे पुढचे दिसले तरी ते मागच्या पायांचे असतात, ससा उडी मारताना मागचे पाय पुढे टाकतो, असं तिने मला समजावलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"आजीने. तुला नाही सांगितलं?"

मला नव्हतं सांगितलं. चाळीस वर्षं मी ते ठसे गाडीच्या पात्याखाली घेत होतो, त्यामुळे सांगून उपयोगही नव्हता. मग आम्ही पक्ष्यांसाठी चरबीत सूर्यफुलाच्या बिया कालवून त्याचे गोळे सफरचंदाच्या झाडाला टांगले. तिलेनने त्यातला एक चाखला. पक्षी आले, भांडले, खाऊन गेले. नेझाने वहीत लिहिलं, 'आबांना थंडी वाजत होती पण ते म्हणाले नाही वाजत.' मी सही केली.

परत येताना तिलेनने विचारलं, "शेवाळ कधी आणायचं?"

आमच्याकडे नाताळाला घराच्या कोपऱ्यात, क्रुसाखालच्या फळीवर, बाळ येशूच्या जन्माचा देखावा मांडतात. लाकडी गोठा, गव्हाण, गाढव, मेंढ्या. गोठा ठोकणं आणि दिवे लावणं माझ्याकडे असायचं. जमीन म्हणून खाली हिरवं शेवाळ अंथरतात. ते जंगलातून आणणं झाल्काकडे असायचं, आणि नातवंडं चालायला लागल्यापासून तिच्याबरोबर जायची. मी कधी गेलो नाही. मला बोलावलंही नाही.

"चोवीस तारखेला आणू," मी म्हणालो. "कुठे मिळतं ते?"

दोघं थांबली. नेझाने तिलेनकडे पाहिलं. तिलेनने तोंडावर हातमोजा ठेवला.

"सांगता येणार नाही," नेझा म्हणाली. "शपथ आहे."

"आजीची शपथ मला थोडीच लागू होते. मी तिचा नवरा आहे."

"तुझं नाव घेऊनच घातलीय, आबा. आजी म्हणाली, जगात कोणालाही सांगा, पण आबांना सांगू नका."

"मग मी बाबांना सांगितलं," तिलेन म्हणाला. "ते लगेच विसरले."

याचं कारण मला माहीत होतं. तीसेक वर्षांपूर्वी झाल्काला चर्चच्या मागच्या टेकडीवर अळंबीची एक जागा सापडली होती. तपकिरी टोपीची, जाड देठाची अळंबी, दर सप्टेंबरला टोपलीभर. आमच्याकडे माणूस स्वतःचं आजारपण चारचौघांत सांगेल, पण अळंबीची जागा सांगत नाही. ती जागा मी गावच्या खानावळीत बोलून गेलो. दोन पेले झाले होते आणि समोर फेलिक्स बसला होता. पुढच्या शनिवारी फेलिक्स, त्याची बायको, तिच्या दोन बहिणी आणि एक मेव्हणा टोपल्या घेऊन तिथे हजर. झाल्का चर्चहून परतताना त्यांना भेटली. तेव्हापासून तिने फेलिक्सला 'नमस्कार'सुद्धा म्हटलं नाही. माझ्याशी बोलायची, पण जागा एकही सांगितली नाही. अळंबीच्या आणखी दोन, जांभळ्या बोरांची एक आणि ही शेवाळाची. खानावळीत मला 'रेडिओ' म्हणतात, तेही तेव्हापासूनच.

म्हाताऱ्या बायका अशा जागा मरताना कुणाच्या तरी कानात सांगून जातात. झाल्काला तेवढाही वेळ मिळाला नाही. भांड्यांचा साबण कुठे ठेवते ते मात्र मार्चमध्येच दोनदा सांगितलं होतं.

मला शेवाळ नको होतं. ते बाजारात खोक्यात मिळतं. मला ती जागा बघायची होती. माझ्या बायकोची एक जागा या दरीत होती, दर डिसेंबरला ती तिथे जात होती, आणि इथल्याच रस्त्यावरून मी चाळीस वर्षं गाडी चालवून कधी ती पाहिली नव्हती. हे मुलांना कसं सांगणार? म्हणून मी दुसऱ्या शनिवारी माझी स्वतःची जागा शोधली. गिरणीजवळ रस्त्याखालच्या पत्र्याच्या मोरीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर हिरवं काहीतरी होतं. ते मी मुलांना अभिमानाने दाखवलं.

नेझाने नखाने थोडं खरवडलं. "आबा, हे शेवाळ नाही. हा गंज आहे."

"गंज हिरवा असतो का?"

"तुझ्याकडचा असेल."

मग मी तिलेनला एकटा गाठून चॉकलेट दिलं. त्याने ते खाल्लं, तोंड पुसलं आणि विचारलं, "अजून आहे?" मी अजून दिलं. तेही खाल्लं. "आता सांगतोस?" "नाही," तो म्हणाला. "पण तू रोज विचारत जा."

तिसऱ्या शनिवारी घोट्याच्या वर बर्फ पडला. घसरगाडी कशी वळवावी हे मी त्यांना शिकवलं. पाय कधी टेकवायचा, वजन कुठे टाकायचं, वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. हा एक विषय मला येतो. पाचव्या खेपेला मीच बसलो आणि कुंपणात गेलो. मुलं इतकी हसली की तिलेनला उचकी लागली. त्या दिवशी वहीत 'काय वाटलं'च्या पुढे नेझाने लिहिलं, 'आजीने पाहायला हवं होतं.' मी सही करायला जरा वेळ लावला.

त्यानंतर दोघं लाकडाच्या खोपट्यात गेली आणि दार लावून बराच वेळ कुजबुजत बसली. बाहेर आल्यावर नेझाने निकाल सांगितला.

"तुला नेणार. पण डोळ्यांना पट्टी बांधून."

"बरं."

"आणि मेणबत्त्यांच्या सणापर्यंत जर कोणाला काही कळलं नाही, तर शेवाळ परत ठेवायला येशील तेव्हा पट्टी नाही."

मेणबत्त्यांचा सण दोन फेब्रुवारीला येतो. त्या दिवशी देखावा उतरवतात. बाकीचे लोक शेवाळ खतात टाकतात. झाल्का ते परत नेऊन लावायची, हे मला तेव्हा कळलं. चाळीस वर्षं मी समजत होतो की तीही खतात टाकते.

"आणि कोणाला कळलं तर?" मी विचारलं.

"तर कधीच नाही," तिलेन म्हणाला. आणि दयाळूपणे जोडलं, "चॉकलेट दिलंस तरी."

चोवीस तारखेला सकाळी दार्या स्वयंपाकघरात अक्रोडाची गुंडाळी-पोळी लाटत होती. आई कशी लाटायची ते आठवून आठवून लाटत होती आणि मध्येच मला बाहेर जायला सांगत होती. अंगणात नेझाने झाल्काचा तपकिरी लोकरीचा रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधला. त्याला अजून तिच्या कपाटाचा वास होता. पट्टीचा एक फायदा असतो. आत काय चाललंय ते बाहेरच्यांना दिसत नाही.

त्यांनी मला तीनदा गोल फिरवलं. मग चर्चला दोन फेऱ्या मारायला लावल्या, मला दिशा कळू नये म्हणून. नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता चर्चपाशी अख्खं गाव असतं.

"विन्को! कुठे नेतायत रे तुला?" कोणीतरी ओरडलं.

"मला माहीत नाही!"

"कोणाला सांगू नका!" तिलेन त्यांच्यावर ओरडला. अशा रीतीने आमची गुप्त मोहीम सुरू झाली.

मुलांनी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. त्या दरीतला रस्ता मी धुक्यात, वादळात, काच पांढरी झालेली असताना चालवला आहे. मला तो डोळ्यांनी नाही, बुडाखालून माहीत आहे. गिरणीचा लाकडी पूल आला, मला कळलं. मोरीपाशीचं वळण आलं, तिथे पातं नेहमी दगडाला घासायचं, तेही कळलं. मग चढ. मग डावीकडून कुत्रं भुंकायला लागलं. ते कुत्रं खोकल्यासारखं भुंकतं. दरीत असं कुत्रं एकच आहे, आणि ते फेलिक्सचं आहे.

मी मनातच म्हटलं, झाल्का, तू तर कमाल केलीस.

आम्ही फेलिक्सच्या जंगलात शिरलो. बूट बर्फात घोट्यापर्यंत आत जात होते. थोडं वर चढलो आणि एकाएकी पायाखाली मऊ लागलं.

"आलो," नेझा म्हणाली. "बस खाली. हात लाव."

मी हातमोजा काढून हात लावला. शेवाळ जाड होतं, थंड आणि ओलं, खाली गादी असावी तसं. बर्फ हाताला लागला नाही. दाट झाडांखाली असं होतं, मी समजलो. नेझाने झाल्काची वाकडी छोटी सुरी काढली. आजी कशी कापायची ते मला सांगत तिने चौकोन कापले. एका जागी सगळं घ्यायचं नाही, मध्ये पट्ट्या सोडायच्या, मुळाशी माती राहू द्यायची. तिलेन चौकोन टोपलीत लावत होता आणि मोजताना सात नेहमी विसरत होता.

"आता उभा राहा," नेझा म्हणाली. "आता तोंड वळव. अजून. अजून थोडं. आता जीभ बाहेर काढ."

"काय?"

"आजी नेहमी काढायची. शेवाळ घेऊन झालं की तिकडे तोंड करून जीभ काढायची. खूप लांब. मग आम्ही पण काढायचो. मगच घरी जायचं."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"ते सांगता येणार नाही."

सांगायची गरज नव्हती. कुत्रं नेमकं तिथूनच भुंकत होतं. माझी बायको सदुसष्ट वर्षांची होती. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची, शेजारणींना औषधं सांगायची, मी जेवताना जोरात चावलं तर माझ्याकडे बघायची. आणि दर नाताळाला फेलिक्सच्या जंगलात उभी राहून ती फेलिक्सच्या घराला जीभ काढून दाखवत होती. मी डोळ्यांना पट्टी बांधून, टोपी नीट करून, जमेल तेवढी जीभ बाहेर काढली. गार वारा लागला.

"छान," तिलेन म्हणाला. "आजीची जास्त लांब होती."

त्या संध्याकाळी आम्ही धूप घेऊन घरभर, गोठ्यात आणि खोपट्यात फिरलो. नेझाने देखावा मांडला. गाढव शेवाळात रुतून तिरकं उभं राहिलं. वहीत तिने लिहिलं, 'कुठे गेलो: सांगता येत नाही. कोण बरोबर होतं: आबा, पण त्यांना माहीत नाही.' मी खाली सही केली. नंतर त्यावर बाईंनी लाल शाईने लिहून पाठवलं, 'अधिक तपशील द्यावा.'

सव्वीस तारखेला, संत स्टीफनच्या दिवशी, आमच्याकडे चर्चसमोर घोड्यांना आशीर्वाद देतात आणि मग दुपारी माणसं खानावळीत जातात. मी एप्रिलनंतर पहिल्यांदा गेलो. मला जागा करून दिली. पेला भरला. सगळे जरा जास्तच हळू बोलत होते. मेलेल्या बाईच्या नवऱ्याशी लोक असंच बोलतात, जणू तो झोपलाय.

आणि माझ्या खिशात या दरीतली सगळ्यात मोठी गंमत होती. मी ती सांगितली असती तर टेबलं हादरली असती. पट्टी, चर्चच्या फेऱ्या, जीभ. लोक पोट धरून हसले असते, आणि तेवढा वेळ झाल्का तिथे आमच्यात उभी राहिली असती, जीभ काढून. आठ महिन्यांत तिच्याबद्दल माझ्याशी कोणी हसून बोललं नव्हतं. शब्द दातांपर्यंत आले. मी त्यांच्यावर डुकराचं सॉसेज ढकललं.

फेलिक्स समोरच बसला होता. तोही म्हातारा झालाय, बायको गेल्या वर्षी गेली, मेव्हणा परदेशात. तो म्हणाला, "माझ्या जंगलात किडा लागलाय. साल पोखरतो. नवीन वर्षात झाडं तोडून टाकायची म्हणतो. तशीही आता तिथे कोणाला कशाची गरज आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या उताराला हात लावू नकोस!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"झाडं गेली तर बर्फ सरकून रस्त्यावर येईल," मी म्हणालो. "मी चाळीस वर्षं तो रस्ता साफ केलाय. मला माहितीय."

फेलिक्सने पेला खाली ठेवला. "कुठला उतार? मी तर उताराचं काही बोललो नाही. माझी तीन जंगलं आहेत, विन्को."

मी सॉसेज चावलं. गिळलं.

"तिन्ही," मी म्हणालो. "तिन्हींना हात लावू नकोस."

हसण्याचा एकच गडगडाट झाला. "निवृत्त झालास तरी रस्तेखातं सोडत नाहीस!" "ए रेडिओ, अजून काय काय तोडायचं नाही, यादी दे!" माझ्या पाठीवर कोणीतरी थाप मारली. लोक पुन्हा नेहमीच्या आवाजात बोलायला लागले. फेलिक्स तेवढा हसला नाही. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने स्वतःच्या बाटलीतून माझा पेला भरला.

"बघू," एवढंच तो म्हणाला.

जानेवारीभर बर्फ पडत राहिला. मी दर शनिवारी मुलांबरोबर बाहेर गेलो, वही संपली होती तरी. नदीकाठचा बर्फ पायाखाली काचेसारखा फुटतो, ते आम्ही एक अख्खी दुपार करत बसलो. खिडकीशी पेल्यात डिसेंबरात ठेवलेल्या चेरीच्या डहाळ्या नाताळाला फुलायच्या असतात. आमच्या महिनाभर उशिरा फुलल्या, कारण मी त्यांना पाणी घालायला विसरलो होतो. "तुझ्यासारख्याच आहेत," नेझा म्हणाली.

दोन फेब्रुवारीला आम्ही टोपली भरली. अंगणात नेझा माझ्यासमोर उभी राहिली.

"कोणाला सांगितलंस?"

"एक शब्दही नाही."

"आजीच्या शपथेवर?"

"आजीच्या शपथेवर." आणि ते अगदी खरं होतं. मी त्या जागेबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. जे काही झालं ते तीन जंगलांबद्दल झालं.

पट्टी नव्हती. पूल आला, वळण आलं, कुत्रं खोकलं. मी तोंडावर आश्चर्य ठेवत चाललो. "अरे, हे फेलिक्सचं जंगल!" योग्य त्या ठिकाणी मी म्हणालो, आणि तिलेन आनंदाने उड्या मारायला लागला. झाडं सगळी उभी होती. बर्फ माझ्या गुडघ्यापर्यंत आणि तिलेनच्या कमरेपर्यंत होता, म्हणून शेवटी मी त्याला पाठीवर घेतला.

मग आम्ही जागेपाशी पोचलो. फरच्या दोन मोठ्या झाडांमध्ये, एका दगडाच्या अंगाला, खोलीएवढी जागा पूर्ण मोकळी होती. शेवाळ हिरवंगार, आणि त्यात नेझाने सोडलेले काळे चौकोन.

"बघितलंस?" ती म्हणाली. "इथे बर्फ पडतच नाही. कधीच नाही. नाताळात नाही आणि आत्ताही नाही. आजी म्हणायची, जागाच तशी आहे."

मी वर पाहिलं. झाडांच्या मध्ये आभाळ होतं, चांगलं मोठं. मी कडेला पाहिलं. बर्फाची भिंत चारी बाजूंनी सरळ कापलेली होती आणि उताराच्या बाजूला बर्फाचा ढीग होता. ढिगावर फावड्याचे ठसे होते, रुंद पात्याचे, डावखुऱ्या माणसाचे. फेलिक्स डावखुरा आहे. चाळीस वर्षं मी बर्फ हटवला, पण इतक्या सरळ कडा मला कधी जमल्या नाहीत. झाडांमागून त्याच्या घराकडे एक पायवाट गेली होती. तीही कोणीतरी झाडूने पुसायचा प्रयत्न केला होता.

मी हिशेब करायला लागलो की हे किती वर्षं चाललं असेल, आणि मग सोडून दिलं. झाल्काला बर्फ पडलेला कुठे असतो आणि काढलेला कुठे असतो हे कळत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. ती माझी बायको होती.

आम्ही चौकोन परत लावले. काही बसले, काही बसले नाहीत. तिलेनने ते दाबून बसवले आणि वर हात ठेवून विचारलं, "आबा, पण इथे बर्फ का पडत नाही?"

"जागाच तशी आहे," मी म्हणालो.

"आता जीभ," नेझा म्हणाली.

आम्ही तिघं फेलिक्सच्या घराकडे तोंड करून उभे राहिलो. खिडकीतला पडदा हलला आणि चटकन मिटला, पुष्कळ वर्षांचा सराव असल्यासारखा. मुलांनी जिभा काढल्या, मुळापर्यंत. मीही काढली. पण थोडी कमीच काढली.